आईचे रिपोर्ट सुधारले, पण आई अजून आजारातच बसली आहे

कणकवलीकर_लेक

नमस्कार. जरा सविस्तर लिहिते, समजून घ्या.

माझी आई ५८ वर्षांची. देवगडजवळच्या आमच्या गावात काका-काकींच्या शेजघरात राहते. मी कणकवलीत नोकरीला, शनिवार-रविवार जाऊन येऊन असते. आईला रूमॅटॉइड आर्थरायटिस आहे, गावात आमवात म्हणतात. आधीची बरीच वर्षं ‘वाताच्या गोळ्या’ म्हणून जे मिळेल ते घेण्यात गेली. मग फोंडा घाट चढून कोल्हापूरच्या संधिवाततज्ज्ञांकडे नेलं. आता रविवारी मेथोट्रेक्झेट, सोमवारी फॉलिक ॲसिड आणि रोजचं हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन. औषधात ती चुकत नाही, रविवारची गोळी घेतली की कॅलेंडरवर फुली मारते. ईएसआर, सीआरपी, म्हणजे रक्तातून सूज किती आहे ते सांगणाऱ्या तपासण्या, दोन्ही खाली आलेत. मनगटांची सूज उतरली आहे. मागच्या वेळी डॉक्टर म्हणाले, आजार आटोक्यात आहे, आता हातपाय चालते ठेवा.

आणि आई मात्र दिवसेंदिवस आखडत चालली आहे.

एप्रिल-मेमध्ये तिचं रातांब्यांचं, म्हणजे कोकमाच्या फळांचं, काम असायचं. रातांबे फोडायचे, बिया काढायच्या, सालं रसात बुडवून उन्हात घालायची, परत रस, परत ऊन. मिरग सुरू झाला तरी तिची नखं लाल दिसायची. ते सगळं तिने काकीला देऊन टाकलं. गौरीच्या फुगड्यांचं मी म्हणतच नाही, पण ती शेजारी गौर बघायलाही जात नाही. जत्रेतला दशावतार सोडला. घरी कोणी आलं की हात पदराखाली जातात. काही सुचवलं की एकच उत्तर: “ह्यां दुखणां आता माझ्याबरोबरच जातलां.”

यंदा फाल्गुनात एक गोष्ट पाहिली आणि तेव्हापासून मी अस्वस्थ आहे. भाचीने सुरंगीच्या कळ्या आणून आईपुढे ओतल्या. आई तिच्याशी बोलता बोलता वळेसर, म्हणजे सुरंगीचा गजरा, करायला लागली. केळीचा सोप पाण्यात भिजवून चिरलेला, एकेक कळी चिमटीत धरायची, देठ वळवून अडकवायचा. बारीक काम. वीतभर झाला असेल. मग तिचं लक्ष गेलं की मी बघतेय. तिने तो खाली ठेवला, बोटं चोळली आणि म्हणाली, “माका जमणा नाय आता.”

ती खोटं बोलत नव्हती, एवढं मला पक्कं कळतं. पण बोटांना जमत होतं हेही मी पाहिलं.

तर विचारायचं ते असं. आजार किती आहे हे तपासण्या सांगतात. पण ‘मला असा असा आजार आहे’ असं माणूस मनाशी धरून चालतो, त्याचा जगण्यावर वेगळा परिणाम होतो का? होत असेल तर तिच्याशी कसं बोलावं? “तुला काही झालेलं नाही” हे वाक्य मला तिला ऐकवायचं नाही. ते तिने डॉक्टरकडे जाण्याआधी फार ऐकलंय.

खाडीकाठ

ताई, आपल्याकडची दमट हवा या दुखण्याला बाधते. माझ्या आत्येला घाटावर मुलाकडे नेलं तर बरं वाटलं. पावसाळ्यापुरतं तरी आईंना कोल्हापूरला ठेवून बघा. शिवाय सांध्यांना एरंडेल कोमट करून चोळत जा. त्याने नुकसान काही नाही.

कणकवलीकर_लेक

@खाडीकाठ, आपुलकीने लिहिलंत, आभार. पावसात तिला सकाळी जास्त जड वाटतं हे खरं आहे. पण तिला गावातून उचलून परक्या फ्लॅटमध्ये ठेवलं तर उरलंसुरलं बोलणंही बंद होईल अशी मला भीती आहे.

हर्णैची_मावशी

अगो पोरी, मी १४ वर्षं याच दुखण्यात आहे, म्हणून लिहिते. आमचं घर मासळीच्या धंद्यातलं. हर्णैच्या पुळणीवर लिलाव असतो तिथे मी अजून उभी राहते.

तुझी आई हात लपवते ना, ते मला सगळ्यात जास्त कळलं. दुखण्यापेक्षा लपवण्याने माणूस दमतं. माझी उजवी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट वाकलं आहे, ते गोळीने सरळ होणार नाही. डॉक्टरांनी मला एक्स-रे उजेडावर धरून दाखवला. म्हणाले, “हे झिजलंय ते झिजलंय. पण हे बघ, इथे सांधा शाबूत आहे. औषध चालू आहे ते हा वाचवायला.” तोवर मी समजत होते की दुखलं म्हणजे आतून झिजतंय, म्हणून दुखेल असं काहीच करायचं नाही. दुखणं वेगळं आणि झिजणं वेगळं, हे त्या दिवशी माझ्या डोक्यात शिरलं. कामाने थोडं दुखलं तर हाड झिजत नसतं. सूज येऊन सांधा गरम झाला, सकाळचा ताठरपणा तास तास उतरेना, की मग डॉक्टरला फोन.

त्यानंतर मी काय सोडलं आणि काय बदललं ते सांगते. भरलेली टोपली डोक्यावर घेणं सोडलं. बर्फ फोडणं सोडलं. कोयत्याच्या मुठीला सायकलची जुनी ट्यूब गुंडाळली, मूठ जाड झाली की बोटं कमी आवळावी लागतात. सकाळी उठल्यावर घमेल्यात गरम पाणी घेऊन त्यात हात बुडवून बसते, तेवढ्यात चहा होतो. सकाळची कामं सुनेकडे दिली आणि दुपारनंतरची स्वतःकडे ठेवली. आणि बायकांनी विचारायच्या आधी मीच सांगून टाकलं की मला अमुक आजार आहे, तो लागत नाही, माझ्या हातची मासळी खुशाल घ्या. दोन-चार दिवस बोलल्या, मग संपलं.

उलटं पण असतं हो. आमच्या वाडीतल्या एकीला गोळ्यांनी बरं वाटलं, तिने धरलं की दुखणं गेलं, आणि गोळ्या सोडल्या. तापासारखं येऊन जाणारं दुखणं आहे असं तिच्या मनात. वर्षभरात दोन्ही गुडघे सुजून बसली. म्हणजे ‘कधीच जाणार नाही, सगळं संपलं’ हे जसं वाईट, तसं ‘गेलं एकदाचं’ हेही वाईट.

आईला नुसतं चालती हो म्हणू नको. तिला कोणीतरी एक्स-रे दाखवून सांगायला हवं, कुठला सांधा गेला आणि कुठला राहिला.

ओपीडीच्या_बाहेर

मी रत्नागिरीत समुपदेशनाचं काम करते, बहुतेक जुनाट आजारांच्या रुग्णांबरोबर. कणकवलीकर_लेक, तुमचा प्रश्न मानसशास्त्रात अगदी नीट अभ्यासला गेलेला आहे, म्हणून वेळ काढून लिहिते आहे.

हॉवर्ड लेव्हेंथल नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या सुमारास मांडलं की आजारी पडलं की प्रत्येक माणूस आपल्या आजाराचं स्वतःचं एक चित्र तयार करतो. हे नेमकं काय आहे, कशामुळे झालं, किती दिवस राहणार, माझं काय काय नेणार, आणि माझ्या किंवा औषधाच्या हातात काही आहे का. डॉक्टर सांगतात ते त्या चित्रात बसलं तर बसतं, नाहीतर कानावरून जातं. आणि माणूस वागतो तो या चित्राप्रमाणे, रिपोर्टप्रमाणे नव्हे.

हे चित्र मोजण्यासाठी १९९६मध्ये जॉन वाइनमन, कीथ पेट्री आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रश्नावली केली. २००६मध्ये तिची छोटी आवृत्ती निघाली, फक्त नऊ प्रश्नांची. पहिल्या आठांना शून्य ते दहा गुण द्यायचे: आजाराचा जगण्यावर किती परिणाम होतो, तो किती काळ टिकेल, तुमचा स्वतःचा त्यावर किती ताबा आहे, उपचाराचा किती उपयोग होईल, त्रास किती जाणवतो, काळजी किती वाटते, आजार कितपत समजला आहे, आणि मनाला किती लागतो. नवव्याला गुण नाहीत. तिथे आजार कशामुळे झाला असं *तुम्हाला* वाटतं ती तीन कारणं लिहायची. मला विचाराल तर सगळा जीव त्या नवव्यात आहे. कोणी कुळाचाराचं लिहितं, कोणी सासूचं नाव घेतं, कोणी लावणीच्या चिखलाचं.

संधिवाताच्या रुग्णांमध्ये हे बऱ्याच ठिकाणी तपासलं आहे. आजार सगळं नेणार आणि माझ्या हातात काही नाही, असं ज्यांना ठाम वाटतं त्यांचं जगणं जास्त आक्रसतं. सूज आणि रक्ततपासणी जमेला धरून उरणारा हा फरक आहे. अर्थात, यातले बरेच अभ्यास एकाच वेळी दोन्ही गोष्टी मोजतात, त्यामुळे कुठलं आधी आणि कुठलं नंतर हे त्यावरून ठरत नाही. हाल सोसून माणूस निराश झालेला असतो हेही तितकंच खरं.

चित्र बदलता येतं का, याचा एक चांगला प्रयोग हृदयविकारावर झाला, सांध्यांवर नव्हे. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला पेट्री यांच्या गटाने हृदयविकाराचा झटका आलेल्या ६५ रुग्णांवर तो केला, २००२मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णालयात असतानाच निम्म्यांशी मानसशास्त्रज्ञ तीन बैठका बोलला: तुम्हाला हे कशाने झालं वाटतं, पुढे काय होईल वाटतं, आणि मग त्या समजुतींवर सावकाश काम. ते लोक इतरांपेक्षा लवकर कामावर परतले, आणि तीन महिन्यांनी त्यांच्या छातीत दुखण्याच्या तक्रारीही कमी होत्या.

तुमच्यासाठी माझं सांगणं एवढंच की आधी समजावू नका, विचारा. आणि गुण-बिण मागू नका. भाजी निवडताना, वाती वळताना सहज विचारा, “आई, तुला हे कशामुळे झालं असं वाटतं गं?” ती जे सांगेल ते खोडू नका. दुसरा प्रश्न, “पुढे काय होईल असं तुझ्या डोळ्यांपुढे येतं?” तो थोडा जपून, आणि तुम्हाला उठायची घाई नसेल त्याच दिवशी.

तिन्हीसांजेला_बाहेर

मला ल्युपस आहे, प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार, त्यात ऊन बाधतं. वय २९, मालवण. मी नाव असं का घेतलंय ते आमच्यातल्यांना कळेल, ऊन चढलं की मी घरात. समुद्र दोनशे पावलांवर आहे आणि मी तो दिवे लागताना बघते.

वरचं सगळं वाचलं. पटलं. तरी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ‘आजाराकडे बघण्याची दृष्टी’ हा विषय आपल्या घरांमध्ये फार लवकर ‘मनावर घेऊ नकोस’ होऊन बसतो. माझे रिपोर्ट छान आले की घरात पेढे वाटल्यासारखा आनंद, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मी झोपले की, “आता तर सगळं नॉर्मल आहे ना?” आमचा थकवा ईएसआरमध्ये दिसत नाही. आजार शांत असतानाही तो राहतो, संधिवातातही राहतो. तो आळस नाही आणि समजूतही नाही. हंडा उचलायला गेलं आणि अंगातली वीजच गेली, असा असतो.

तुमच्या आईने वीतभर वळेसर केला. उरलेला हातभर तिला झेपला असता का, हे तिलाच माहीत. आम्ही लोक पुढचं बघून थांबतो. आत्ता जमतंय म्हणून केलं तर उद्या सकाळी काय होईल याचा हिशोब सतत डोक्यात चालू असतो, आणि तो बऱ्याचदा बरोबर निघतो.

म्हणून आधी या गोष्टी बघून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, झोप नीट लागते का. आणि उदासी. या आजारांबरोबर नैराश्य पुष्कळ जणींना येतं, आणि ते आलं असेल तर त्यावर वेगळे उपचार आहेत, घरच्यांच्या गप्पांनी ते हटत नाही. घरातून बाहेर न पडणं, आवडीचं सोडणं, हे तुम्ही जे लिहिलंय ते वाचून मला तीच शंका आली. कृपया डॉक्टरांना हे स्वतंत्रपणे सांगा. त्यांच्या खोलीत पाच मिनिटं मिळतात आणि ती सांधे दाबण्यात जातात.

ओपीडीच्या_बाहेर

@तिन्हीसांजेला_बाहेर, शंभर टक्के. हे मी आधीच लिहायला हवं इतकं महत्त्वाचं आहे. समजूत बदलायची म्हणजे दुखणं नाकारायचं नव्हे. रुग्णाचा थकवा खरा धरूनच पुढचं बोलणं होतं.

हर्णैची_मावशी

मालवणच्या पोरी, दुपारची झोप मी पण घेते. कोणाला विचारत नाही. तूही विचारू नको.

कणकवलीकर_लेक

सगळ्यांचे मनापासून आभार. मधल्या दोन आठवड्यांत गावी जाऊन आले, म्हणून उशिरा लिहिते आहे.

मी विचारलं. काकी बाजारात गेली होती, आम्ही दोघीच पडवीत फणसाचे गरे काढत होतो, म्हणजे मी काढत होते, हाताला तेल लावून. कशामुळे झालं असं वाटतं, या प्रश्नाला तिने लगेच उत्तर दिलं, जसं काही इतकी वर्षं कोणी विचारायचीच वाट बघत होती. माझ्या वेळच्या बाळंतपणात, ओल्या अंगाने, विहिरीवरच्या गार पाण्यात मासे धुतले. सासू नको म्हणत होती, हिने ऐकलं नाही. म्हणजे गेली इतकी वर्षं ती हे स्वतःच्या माथी मारून बसली आहे. त्यातून माझा जन्मही त्यात गुंतलेला, म्हणून मला कधी बोलली नाही.

मला रडू आलं. खोडून काढायचं नाही हे लक्षात होतं, म्हणून काही बोलले नाही.

दुसरा प्रश्न मी विचारलाच नाही, तीच पुढे बोलत गेली. तिच्या आईची गोष्ट. माझी आजी मी पाहिलेली नाही. आजीलाही हेच होतं, असं आई म्हणते. बोटं आत वळून तळव्याला लागलेली, नखं कापायला बोटं उघडावी लागायची आणि ते काम लहानपणी आईकडे होतं. आजी शेवटची कितीतरी वर्षं माजघरात चटईवर होती. जेवण आई भरवायची. १९७९ साली ती गेली. गावात तेव्हा शेक, लेप आणि दुखणं थांबवायची गोळी, यापलीकडे तिला काही मिळालं नाही.

तेव्हा मला कळलं की आईच्या डोळ्यांपुढे जे चित्र आहे ते तिचं स्वतःचं नाहीच, ते तिच्या आईचं आहे. कॅलेंडरवर फुल्या मारून ती औषध घेते, पण मनातून ती त्या माजघरातल्या चटईकडेच चालली आहे. हात पदराखाली का, तेही कळलं. गावात आजीचे हात पाहिलेल्या म्हाताऱ्या अजून आहेत. आमच्या भाचीचं उद्या लग्न ठरवताना कोणी म्हणू नये की यांच्या घरात हे पिढ्यान् पिढ्या आहे.

माझे दोन प्रश्न आहेत. आजीचं हे डॉक्टरांना सांगून काही उपयोग आहे का? आणि भाचीबद्दल तिला काय सांगू?

ओपीडीच्या_बाहेर

उपयोग आहे का म्हणजे काय, पुढच्या भेटीत पहिली गोष्ट हीच सांगा. डॉक्टरांना म्हणा, “आईने स्वतःच्या आईला असं पाहिलंय, तेव्हा काय नव्हतं आणि आता काय आहे ते तिला समोरासमोर सांगा.” संधिवातासाठी मेथोट्रेक्झेट सर्रास वापरात आलं ते १९८०च्या दशकात, अमेरिकेत त्याला या आजारासाठी रीतसर मान्यता १९८८मध्ये मिळाली. म्हणजे आजी गेल्या तेव्हा हे औषध कुठल्याच खेड्यात या आजारासाठी पोचलेलं नव्हतं. हे आईंना डॉक्टरांच्या तोंडून ऐकू द्या, तुमच्या नको. लेकीचं म्हणणं धीर देण्यासारखं वाटतं, डॉक्टरांचं माहितीसारखं. आणि हर्णैच्या मावशींनी सांगितलेला एक्स-रेचा उपाय त्याच वेळी करा.

गार पाण्याबद्दल: हा आजार प्रतिकारशक्ती स्वतःच्याच सांध्यांवर उलटल्याने होतो. त्यात अंगभूत कल असतो, धूम्रपानासारख्या गोष्टी भर घालतात. बाळंतपणानंतरच्या महिन्यांत तो काही जणींमध्ये डोकं वर काढतो हे नोंदलेलं आहे, त्यामुळे बायकांनी विहिरीशी आणि पाण्याशी सांगड घातली यात नवल नाही. पण मासे धुऊन तो होत नाही. हेही डॉक्टरांना सांगू द्या, “तुमच्या हातून काही घडलेलं नाही” या शब्दांत.

भाची: जवळच्या नात्यात असला तर धोका इतरांपेक्षा वाढतो हे खरं, पण अशा घरांतल्या बहुतेक मुलींना तो होत नाही. आणि झालाच तर लवकर ओळखून लवकर औषध सुरू करता येतं, जे आजींच्या बाबतीत झालं नाही आणि आईंच्या बाबतीत उशिरा झालं.

कणकवलीकर_लेक

हे सगळं कागदावर उतरवून घेतलं. पुढच्या महिन्यात कोल्हापूरची तारीख आहे. काकीलाही सोबत नेणार आहे, कारण रोज घरात बोलणं तिचं होतं, माझं नाही.

तोवर एक विचार डोक्यात आला आहे. रातांबे फोडणं नको, पण सालांना रस किती द्यायचा आणि कधी उलटायची हे आईइतकं काकीला येत नाही, ती स्वतःच म्हणते. यंदाच्या हंगामात काकीनेच आईला अंगणात बोलावून विचारावं, असं मी काकीला सांगितलंय. खुर्ची सावलीत. दमली की उठून आत जाईल, कोणी काही म्हणायचं नाही.

आणखी एक, कोणाला माहीत असेल तर सांगा. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनमुळे डोळे तपासावे लागतात असं केमिस्ट म्हणाला. किती दिवसांनी?

तिन्हीसांजेला_बाहेर

मी तेच घेते. सुरू केल्यावर पहिल्या वर्षात एकदा डोळ्याच्या आतल्या पडद्याची तपासणी, आणि पाच वर्षं झाली की दरवर्षी. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा डोस जास्त असेल तर आधीपासूनच दरवर्षी. नुसता चष्म्याचा नंबर काढून येऊ नका, पडदा बघायचाय आणि औषधाचं नाव सांगा. मेथोट्रेक्झेट चालू आहे तर यकृताची आणि रक्तपेशींची तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी असेलच, ती चुकवू नका. कोल्हापूरहून आलात की इथे लिहा.